करंगळीची नस

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली गोष्ट. पॉसेनियस नावाचा सीरियाचा एक वक्ता रोममध्ये आला होता. त्याच्या एका हाताची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधीर झाला होता. बोटे हलत होती, पण स्पर्श कळत नव्हता. रोमचे वैद्य बोटांना लेप लावत होते. जिथे दुखणे तिथे औषध, हा त्यांचा साधा हिशोब. गुण येईना, तेव्हा त्याने गॅलेनला बोलावले.

गॅलेनने बोटांकडे फारसे पाहिले नाही. तुला आधी कुठे मार लागला होता का, असे त्याने विचारले. पॉसेनियसला आठवले, की प्रवासात तो गाडीतून पडला होता आणि पाठीच्या वरच्या भागाला दगड लागला होता. ते दुखणे लवकर थांबले म्हणून तो ते विसरून गेला होता. गॅलेनने बोटांवरचे लेप काढायला लावले आणि तीच औषधे मानेच्या खाली, जिथे मार बसला होता तिथे लावली. मानेच्या सातव्या मणक्याच्या खालून निघणारी नस दुखावली आहे, असे त्याचे निदान होते. माणूस बरा झाला. तो औषधाने बरा झाला की सूज आपोआप उतरली म्हणून, हा वाद आज घालण्यात अर्थ नाही. निदान मात्र आजच्या न्यूरॉलॉजिस्टनेही मान डोलवावी असे आहे.

ते का, हे समजून घ्यायला हाताची रचना थोडी पाहावी लागते. मुस्लिम मोहल्ल्यात वाढलेल्यांना त्यासाठी पुस्तकाची तितकी गरज नाही. कुर्बानीच्या दिवशी बकऱ्याची दस्त, म्हणजे पुढचा पाय, छातीपासून वेगळी करताना पाहिली असेल तर आठवा. मागची रान काढताना खुब्याचा सांधा सोडवावा लागतो. दस्त काढताना मात्र हाड आडवे येतच नाही, बकऱ्याला आपल्यासारखे गळपट्टीचे हाड नसते. सुरी फिरली की खांदा सुटत जातो आणि काखेत पांढऱ्या, चिवट दोऱ्यांचा एक जुडगा ताणलेला दिसतो. त्या दोऱ्या म्हणजे पुढच्या पायाच्या नसा. त्या निघतात कण्यातल्या त्या पांढऱ्या मऊ दोरीतून, जिला आपण ‘हराम मग्ज’ म्हणतो आणि जी खाटीक ओढून बाजूला टाकतो. मराठी शाळेत तिला मेरुरज्जू म्हणतात. गॅलेननेही हे जनावरांवरच पाहिले होते. माणसाचे प्रेत उघडण्याची सोय त्याच्या काळात नव्हती. त्याने माकडे कापली, डुकरे कापली, बकरे कापले. तरुणपणी पर्गामम या आपल्या गावी तो ग्लॅडिएटरांचा वैद्य होता, त्यामुळे उघड्या जखमांतून माणसाचे आतले थोडेफार दिसत असे.

माणसाच्या मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. हाताकडे जातात त्या पाचवी, सहावी, सातवी, आठवी आणि छातीची पहिली. या पाच मुळ्या सरळ हातात उतरत नाहीत. मान आणि काख यांच्यामध्ये त्या एकमेकींत मिसळतात, फुटतात, पुन्हा जुळतात. रेल्वेच्या यार्डात रूळ जसे गुंतून पुन्हा वेगळे होतात तसे. या जाळ्यातून शेवटी हातासाठी पाच मोठ्या नसा बाहेर पडतात. दोन खांदा आणि दंडाचे काम पाहतात. उरलेल्या तीन पंजापर्यंत पोचतात : रेडियल, मीडियन आणि अल्नर. रेडियल मनगट आणि बोटे उचलते. मीडियनकडे अंगठा आणि त्याच्या बाजूच्या बोटांची पकड. अल्नर ही करंगळीची नस. कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागच्या खोबणीतून ती जाते, आणि तिथे दाराची कड लागली की करंगळीपर्यंत जी झिणझिणी धावते ती तिचीच.

नमाजमधले उदाहरण घेऊ. अत्तहियातला बसल्यावर शहादतच्या वेळी हनफी माणूस उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका मिटतो, अंगठा आणि मधल्या बोटाचे कडे करतो आणि तर्जनी उचलतो. कोकणातले आपले शाफई भाऊ मूठ मिटून तर्जनी पुढे करतात. हनफी पद्धतीत करंगळी-अनामिका खोल मिटणे हे अल्नरचे काम, कडे जुळवणे मुख्यतः मीडियनचे आणि तर्जनी सरळ उचलणे रेडियलचे. पंजाच्या तिन्ही नसा शाबूत आहेत की नाही, हे एका क्षणात दिसावे अशी ही मुद्रा आहे. यात कुठला ‘चमत्कार’ शोधायचा माझा इरादा नाही. रोज पाच वेळा जे करतो त्यात काय काय हलते, एवढेच सांगतो आहे.

आता पॉसेनियसकडे. अल्नर नस कोपराशी दबली तर करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग बधीर होतो, मधले बोट सुटते. पॉसेनियसची अनामिका पूर्ण गेली होती आणि मधले बोट अर्धे. म्हणजे बिघाड नसेच्या वाटेत नव्हता, वर मुळाशी, आठव्या जोडीपाशी होता. बधीरपणाची हद्द कुठे पडते त्यावरून बिघाडाची जागा ओळखायची, ही पद्धत आजही तशीच चालते. फक्त आता तिच्या मागून एमआरआय काढतात.

ज्या पुस्तकात गॅलेनने ही केस लिहिली, ते दुखऱ्या अवयवांवरचे पुस्तक बगदादमध्ये अरबीत आले आणि हकिमांच्या अभ्यासातल्या सोळा पुस्तकांत बसले. पण माझ्या मनात जास्त घर केले ते त्याच्या दुसऱ्या ग्रंथाने. शरीर कसे उघडावे आणि काय पाहावे यावर गॅलेनने पंधरा भाग लिहिले. इ.स. १९२ मध्ये रोमला लागलेल्या आगीत त्याचे बरेच लिखाण जळाले आणि यातले शेवटचे भाग त्याला पुन्हा लिहावे लागले. एवढे करूनही ग्रीकमध्ये आज उरले आहेत ते पहिले आठ भाग आणि नवव्याची सुरुवात. पुढचे सगळे, मेंदूतून आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या नसांवरचे शेवटचे दोन भाग धरून, फक्त अरबीत शिल्लक आहेत. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक आणि त्याचा भाचा हुबैश यांनी ते ग्रीकमधून सिरियाकमध्ये आणि तिथून अरबीत आणले. १९०६ साली माक्स सिमोन या जर्मन विद्वानाने अरबी मजकूर जर्मन भाषांतरासह छापला. १९६२ मध्ये केंब्रिजहून त्याचे इंग्रजी आले. आज ग्रीक वैद्यकाच्या अभ्यासकाला गॅलेनचे हे भाग वाचायचे तर अरबीच्या दारातूनच जावे लागते.

हुनैन मुसलमान नव्हता. तो हीरा शहरातला ख्रिस्ती होता. त्याच्याकडून भाषांतरे करून घेणारे आणि त्याचे पैसे मोजणारे अनेकजण मुसलमान होते. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ‘इस्लामी विज्ञान’ म्हटले की फक्त अब्दुल्ला-अब्दुर्रहमान अशा नावांची यादी वाचली जाते. बगदादचे मोठेपण त्या यादीत नाही. ख्रिस्ती माणसाने मूर्तिपूजक ग्रीकाचे पुस्तक अरबीत आणावे, त्यासाठी मुसलमान सावकाराने थैली मोकळी करावी, आणि या व्यवहाराचे कुणालाच नवल वाटू नये, यात ते आहे.

अरबी अनुवादकांना ‘असब’ हा शब्द मिळाला. मूळ अर्थ बांधणारी, आवळणारी दोरी. इब्न खल्दूनचा ‘असबिय्यत’ हा शब्द त्याच धातूचा : टोळीला बांधून ठेवणारी नाळ. गंमत अशी की ग्रीकांचा ‘न्यूरॉन’ हा शब्दही आधी धनुष्याच्या दोरीला आणि स्नायूच्या चिवट टोकाला वापरत, आणि उर्दूतल्या ‘पट्ठा’चीही तीच गत. मराठीत आपण आणखी पुढे गेलो. रक्त वाहते तीही नस, दबते तीही नस आणि चमकते तीही नस. पाठ्यपुस्तकवाल्यांनी चेतातंतू, मज्जातंतू असे शब्द घडवले, पण दवाखान्यात कुणी ‘डॉक्टर, चेतातंतू दबलाय’ म्हणत नाही.

या शब्दाच्या घोळातून एक दावा उभा राहिला आहे. दर काही महिन्यांनी मोबाईलवर फिरतो : तुटलेली नस शिवण्याची शस्त्रक्रिया जगात पहिल्यांदा इब्न सीनाने केली. ज्या हकिमांनी अस्थिबंधाला ‘रिबात’, स्नायूच्या टोकाला ‘वतर’ आणि नसेला ‘असब’ असे वेगवेगळे शब्द ठेवले, त्यांनाही जखमेत दिसणारी पांढरी दोरी नेमकी कोणती हे दर वेळी सांगता येत नसे. म्हणून जुन्या ग्रंथात ‘असब शिवावी’ असे आढळले की कोणती असब, हे तिथला संदर्भ पाहूनच ठरवावे लागते. तेवढे कष्ट न घेता पोस्ट पुढे ढकलणाऱ्याने इब्न सीनाचा मान वाढवला असे मला वाटत नाही.

त्याचा खरा मान कशात आहे ते ‘अल-कानून’च्या पहिल्या भागात दिसते. अकराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात लिहिलेल्या या ग्रंथात नसांची प्रकरणे ओळीने आहेत : मेंदूच्या, मानेच्या, छातीच्या, कंबरेच्या, माकडहाडाच्या. मानेच्या आठ जोड्या तो एकेक करून सांगतो. हातापर्यंत कोण पोचते याचा त्याचा हिशोब असा : सहावीचा हाताकडे येणारा भाग खांद्यापलीकडे जात नाही, सातवीचा दंडापलीकडे जात नाही, आणि पुढच्या हाताला येते ती आठवी, छातीच्या पहिल्या जोडीशी मिसळून. यातले पहिले दोन चूक आहेत. अंगठ्याची त्वचा सहाव्या जोडीवर चालते आणि मधले बोट साधारण सातव्या जोडीवर. शेवटचे मात्र अचूक आहे. आठवी आणि छातीची पहिली एकत्र येऊन जो खालचा पट्टा बनतो, त्यातूनच अल्नर नस निघते. गॅलेनचा पसरट मजकूर त्याने विद्यार्थ्याला पाठ करता येईल इतका आवळून बांधला, आणि लॅटिन भाषांतरातून युरोपच्या विद्यापीठांनी पुढची काही शतके तोच शिकवला.

चुका दुरुस्त का झाल्या नाहीत? प्रेत उघडून पाहिले नाही म्हणून. इब्न नफीसने तेराव्या शतकात कानूनमधल्या शरीररचनेवर टीका लिहिली आणि हृदयातून फुफ्फुसात जाणाऱ्या रक्ताचा खरा मार्ग तर्काने सांगितला. पण त्याच टीकेत त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे, की शरीअतचा विचार आणि मनातली दया यांमुळे आपण चिरफाड केलेली नाही. त्याच्या आधी अब्दुल लतीफ अल-बगदादी इजिप्तमध्ये होता. १२०० नंतरच्या भीषण दुष्काळात कैरोजवळ हाडांचे ढीग पडले होते. त्याने दोन हजारांहून जास्त कवट्या पाहिल्या आणि गॅलेन म्हणतो तसे खालच्या जबड्याचे हाड दोन तुकड्यांचे नसून एकच असते, हे ठामपणे लिहिले. डोळ्यांचा पुरावा पुस्तकापेक्षा मोठा, हे त्याने शब्दांत सांगितले आहे. पण दुष्काळात हाडे उरतात, नसा उरत नाहीत. नसा आधी कुजतात. हाताच्या नसांच्या बाबतीत अशी संधी कोणालाच मिळाली नाही.

चित्रे मात्र निघाली. शिराझच्या मन्सूर इब्न इल्यासने १३८६ च्या सुमारास फारसीत शरीररचनेचे पुस्तक लिहून तैमूरच्या नातवाला अर्पण केले. ‘तशरीह-ए-मन्सूरी’ म्हणतात ते हेच. त्यात हाडे, नसा, स्नायू, शिरा आणि धमन्या अशी प्रकरणे आहेत आणि पूर्ण माणसाची चित्रे. नसांच्या चित्रातला माणूस पाठमोरा, थोडा फेंगडा बसलेला, आणि मान इतकी मागे टाकलेली की चेहरा उलटा दिसतो. कण्यापासून जोडीजोडीने निघालेल्या रंगीत रेषा हातापायांत उतरतात. १४८८ साली इस्फहानमध्ये केलेली एक प्रत अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयात आहे आणि तिची छायाचित्रे कुणालाही पाहता येतात. जरूर पाहा. चित्रकाराने काखेतले ते गुंतागुंतीचे जाळे कधी पाहिले नव्हते हे लगेच कळते. पण ‘मुसलमानांनी माणसाचे चित्र काढले नाही’ असे सरसकट म्हणणाऱ्यांसमोर ठेवायला ते चांगले आहे.

१५४३ मध्ये व्हेसालियसने माणसाच्या प्रेतावरून काम करून मोठे पुस्तक छापले. त्यातला चौथा भाग नसांचा. तिथून पुढचा इतिहास युरोपचा आहे आणि तो इतरत्र भरपूर लिहिलेला आहे. एकच नाव घेतो. ऑगस्टा क्लुम्पके ही सान फ्रान्सिस्कोत जन्मलेली मुलगी पॅरिसला वैद्यक शिकली, स्त्रियांना तिथल्या रुग्णालयांत इंटर्न होऊ देत नसत त्या काळात. १८८५ मध्ये, विद्यार्थिनी असतानाच, तिने जाळ्याच्या खालच्या मुळ्या, म्हणजे आठवी आणि छातीची पहिली, दुखावल्यावर होणाऱ्या पंगुत्वाचे वर्णन केले. हा विकार आजही तिच्या नावाने ओळखतात. पॉसेनियसची मुळी आणि इब्न सीनाची बरोबर आलेली ओळ, दोन्ही याच टापूतल्या.

अल्नर नसेचे एक नाते आपल्या मातीशीही आहे, आणि ते चांगले नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या मशिदीत एक म्हातारे गृहस्थ शेवटच्या सफमध्ये एकटे उभे राहत. त्यांचा वजूचा लोटा वेगळा होता. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आत वळून आकड्यासारखी झाली होती. आम्ही पोरे कुजबुजायचो, गुनाहची सजा आहे म्हणून. मोठ्यांपैकी कुणी आम्हाला टोकले नाही. तो कुष्ठरोग होता, आणि त्या बोटांचा गुनाहशी काही संबंध नव्हता. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातला थंड भाग आवडतो. अल्नर नस कोपरापाशी कातडीच्या अगदी जवळून जाते, तिथे ती शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असते. जंतू तिथे बसतो, नस सुजते आणि मरत जाते. तिच्यावर चालणारे पंजातले छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटे आत वळतात. स्पर्श गेलेला असतो, म्हणून तव्याचा चटका कळत नाही, जखम चिघळते, बोट झिजते. बोटे ‘सडून गळतात’ हा समज खोटा आहे.

हे नीट सिद्ध करण्यात मोठा वाटा पॉल ब्रँड या डॉक्टरचा. जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत, १९१४ चा. वेल्लोरला काम करताना १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी असे हात तपासायला सुरुवात केली. रोग नसेला ठरावीक ठिकाणीच मारतो, त्यामुळे त्या जागेच्या वर ज्यांना फांदी मिळते ते पुढच्या हातातले मीडियनचे स्नायू धडधाकट राहतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यातल्या एका स्नायूची दोरी काढून वळलेल्या बोटांना जोडायची आणि हात पुन्हा उघडायचा. कोणत्या स्नायूला कोणती नस आणि ती कुठे फुटते, हा गॅलेनपासूनचा हिशोब इथे माणसाच्या भाकरीच्या कामी आला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांवर प्लास्टिक सर्जरी केली, तेव्हा या रुग्णांना साध्या वॉर्डात घेणेही लोकांना मान्य नव्हते.

आपल्या परंपरेत दोन्ही आवाज आहेत. कुष्ठरोग्यापासून दूर पळा असे सांगणारी हदीस आहे, आणि पैगंबरांनी (स.) कुष्ठरोग्याचा हात धरून आपल्याच ताटात घातला अशीही रिवायत आहे. दुसरीच्या सनदीवर मुहद्दिसांनी शंका घेतल्या आहेत, हे मला माहीत आहे. आठव्या शतकाच्या सुरुवातीला दमिश्कमध्ये खलीफा वलीदने कुष्ठरोग्यांना भीक मागायची वेळ येऊ नये म्हणून वेतन बांधून दिले, असे इतिहासकार लिहितात. आमच्या मशिदीने यातली पहिली हदीस तेवढी लक्षात ठेवली होती.

कायद्यानेही बराच काळ तेच केले. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने बाईला न्यायालयातून फारकत मागायचा हक्क दिला, आणि तो कायदा आपल्या समाजातल्या बायकांसाठी मोठा आधार होता. त्यातल्या कारणांत नवऱ्याचा कुष्ठरोगही होता. पुरुषाला तर कारण सांगायचीच गरज नव्हती. बायकोची बोटे वळली की तलाकचे शब्द पुरे होत, कागदावर रोगाचे नावही येत नसे. हिंदू विवाह कायद्यात आणि ख्रिस्ती घटस्फोट कायद्यातही हे कारण होतेच. १८९८ चा कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याचा इंग्रजी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ च्या सुरुवातीला संसदेने एकाच दुरुस्तीने विवाहाच्या या सगळ्या कायद्यांतून कुष्ठरोग हे कारण काढून टाकले, १९३९ च्या आपल्या कायद्यातूनही. तोवर रोग पूर्ण बरा करणारी बहुविध औषधे येऊन साडेतीन दशके उलटली होती.

ती औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मुदत सहा महिने किंवा एक वर्ष. नस नुकतीच बिघडली असेल, साधारण सहा महिन्यांच्या आत, तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी हरवलेला स्पर्श आणि ताकद बरेचदा परत येते. त्यानंतर आशा कमी होत जाते. म्हणून करंगळी बधीर वाटली, कातडीवर स्पर्श न कळणारा फिकट डाग दिसला, किंवा वजूला कोपरापर्यंत पाणी घेताना हाडामागे दोरीसारखी जाड, दुखरी नस हाताला लागली, तर लेप लावत बसू नये. डॉक्टर हात वाकवतील, बोटाने तीच खोबण चाचपतील आणि दुसऱ्या हाताशी ताडून पाहतील.